यहेज्केलाचे पुनःस्थापनादर्शन आणि लोणारची धार

यहेज्केल या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथाचे अखेरचे नऊ अध्याय मोजमापांचा रुक्ष तक्ता समजून ओलांडले जातात. हा त्या ग्रंथावर अन्याय होय. यरुशलेम इ. स. पू. ५८६ मध्ये पडले. हे दर्शन बाबिलोनमधील हद्दपारीच्या पंचविसाव्या वर्षाचे. सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, हजार-हजार हातांवर घोटा, गुडघा, कंबर असे चढत अखेर उतारच नसलेली नदी होते आणि मृत समुद्रास जाऊन मिळते. तो समुद्र ‘बरा’ होतो. येथील ‘राफा’ हे क्रियापद रोग्यास बरे करण्याचे आहे. परंतु लगेच अकराव्या वचनात दलदली व डबकी बरी होणार नाहीत, ती मिठासाठी सोडलेली आहेत, असे येते.

या वचनात काही भाष्यकारांनी शापाचा अवशेष पाहिला. ते मत प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकास तर ते विशेषच खटकावे. लोणारच्या विवराच्या काठावर धारेचे गोडे पाणी मंदिरापाशी बारमाही पडते व खाली खाऱ्या सरोवरास मिळते. सरोवरास बाहेर वाट नाही; पाणी आटते, क्षार मागे राहतात. त्या क्षारांवर माणसे जगली: काच व साबण यांस लागणाऱ्या येथील द्रव्यांची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. आपल्या स्थलकथेत मात्र विष्णू लवणासुराचा वध करतो. खारटपणा तेथे असुर ठरतो. यहेज्केलाच्या लेखी मीठ शत्रू नव्हे. तो पुरोहित होता, आणि त्याच्याच त्रेचाळिसाव्या अध्यायात नव्या वेदीवरील होमबलीवर मीठ टाकण्याची आज्ञा आहे. सारी दलदल गोडी झाली असती, तर ते मीठ आणावयाचे कोठून?

लोणारचे साम्य अर्थात येथवरच. तेथे धारेने सरोवर गोडे झालेले नाही, आणि होऊही नये. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या त्या पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टी अल्कधर्मीपणावरच जगते.

योहानाच्या ‘प्रकटीकरणा’ने ही नदी उचलली, दरमहा फळणारी झाडेही घेतली, पण समुद्रच नाहीसा केला. ते चित्र अधिक उज्ज्वल आहे खरे; त्यात एन-गेदीच्या काठी जाळी वाळत घालणारा कोळी मात्र उरला नाही. यहेज्केल त्यास विसरत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी भूमीची वाटणी सांगताना, लोकांत राहून ज्यांस मुलेबाळे झाली अशा परक्यांनाही तो स्वकीयांसारखाच वारसा देतो.