हो, नाही, रद्द

विंडोज एक्सपीच्या दिवसांत नोटपॅडमध्ये चार ओळी खरडून खिडकी मिटायला गेलं की मध्येच एक चौकट आडवी यायची. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि शेजारी इंग्रजीत दोन वाक्यं. त्यांचा मराठी अर्थ असा: ‘अमुक फाइलमधला मजकूर बदलला आहे. बदल जतन करायचे का?’ खाली तीन बटणं: येस, नो, कॅन्सल. इतक्या लोकांच्या डोळ्यांपुढून गेलेल्या या मजकुराचं रसग्रहण कुणी केलं नाही, याचं मला नवल वाटतं. अर्थात वाचला तो थोड्यांनीच. बाकीच्यांनी न वाचता उत्तर दिलं, आणि त्यातल्या काहींना ते महागात पडलं.

पहिलं वाक्य पाहा. ‘मजकूर बदलला आहे.’ कुणी बदलला? वाक्यात माणूसच नाही. स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आल्यावर पोर बाहेर येऊन ‘कप फुटला’ म्हणतं, ‘मी फोडला’ म्हणत नाही. त्याच वळणाचं हे वाक्य. समोरचा माणूस तासभर लिहीत बसला होता, पण यंत्राच्या लेखी हवा बदलावी तसं काहीतरी बदललं होतं. दुसऱ्या वाक्यातही पुन्हा ‘बदल’च. ‘तुम्ही लिहिलेलं ठेवू का?’ असं विचारलं असतं तर हात क्षणभर थबकला असता. ‘बदल’ म्हटलं की माणूस मनात म्हणतो, छे, मी कुठे काय बदललंय, आणि ‘नो’ दाबून मोकळा होतो.

खरी गंमत तिसऱ्या बटणात आहे. हो की नाही अशा प्रश्नाला तिसरं उत्तर असणं आपल्याला नवं नाही (‘बघू’ हे मराठी माणसाचं लाडकं उत्तर आहे). पण ‘कॅन्सल’ म्हणजे नेमकं काय रद्द? जतन करणं रद्द, केलेले बदल रद्द, की खिडकी मिटणं रद्द? अभिप्रेत होतं ते शेवटचं, म्हणजे प्रश्नात ज्याचं नावही नाही ते. हा प्रश्न विचारावा लागतो तो यंत्राच्या एका घरगुती अडचणीमुळे: लिहिलेलं आधी मेमरीत राहतं, डिस्कवर मागाहून जातं. माणसाने लिहिलं म्हणजे लिहिलं. दोन जागी लिहिलंय हे त्याच्या गावीही नसतं. ॲलन कूपर यांनी १९९५ च्या ‘अबाउट फेस’ या पुस्तकात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून चौकटीचा मजकूर सुधारला. दोन वाक्यांचं एक झालं आणि बटणांवर ‘सेव्ह’, ‘डोन्ट सेव्ह’, ‘कॅन्सल’ आलं. मॅकिंटॉशच्या माणसांना यात नवं काही नव्हतं. ॲपलच्या जुन्या मार्गदर्शिकांतही बटणावर क्रियापद असावं असा आग्रह होता, शिवाय ‘डोन्ट सेव्ह’ हे बटण उरलेल्या दोघांपासून जरा लांब ठेवलेलं असायचं, घाईचा हात चुकून तिथे पडू नये म्हणून. या बदलाचं मोल कळायला एक प्रयोग करावा. प्रश्नावर तळहात ठेवून फक्त बटणं वाचावीत. जुन्या चौकटीत ‘येस’ हा शब्द एकटा पडून निरर्थक होतो. नव्या चौकटीत ‘सेव्ह’ एकट्याच्या बळावर उभा राहतो. लोक प्रश्न वाचत नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडण्याऐवजी कुणीतरी उत्तरालाच बोलतं केलं.

मराठीत हीच चौकट ‘जतन करा’, ‘जतन करू नका’, ‘रद्द करा’ अशी येते. ‘जतन करू नका’ वाचताना मला नेहमी ‘येथे थुंकू नका’ची पाटी आठवते. आपण यंत्राला सांगतोय की यंत्र आपल्याला, तेच कळेनासं होतं. खरं तर इंग्रजीला ज्यासाठी दोन शब्द लागतात त्याला आपल्याकडे ‘नको’ हा एकच अस्सल शब्द आहे. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगतो, ‘नको’ इच्छा सांगतो, आणि इथे इच्छाच तर विचारलेली असते. मध्यंतरी ‘राहू दे’ हाही शब्द मनात आला होता, पण तो घातक निघाला. ‘राहू दे’ म्हणजे मजकूर राहू दे, की जतन करायचं राहू दे? आज्जीला आणखी एक पोळी वाढू का विचारावं आणि तिने ‘राहू दे’ म्हणावं, तिथे अर्थ हाताच्या खुणेवरून कळतो. बटणाला हात नाही. ‘कॅन्सल’च्या जागी मात्र मी बिनधास्त ‘परत जा’ लिहीन.

एका बटणावरच्या दोन शब्दांनी काय होऊ शकतं याचा किस्सा ॲपलमधल्या अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवून ठेवला आहे. १९८१ च्या सुमारास लिसा या संगणकाच्या चाचण्या चालू होत्या. चौकटीतल्या होकाराच्या बटणावर तेव्हा ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असं लिहिलेलं होतं. एक गृहस्थ त्या बटणापाशी आले की चिडायचे. कारण विचारल्यावर कळलं, की दोन शब्दांमधली जागा अगदी चिंचोळी होती आणि त्या वळणात इंग्रजीतला मोठा आय आणि लहान एल सारखेच दिसत. त्यांनी ते सलग ‘डोल्ट’ असं वाचलं होतं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला पदोपदी मठ्ठ म्हणतंय, अशी त्यांची समजूत झाली. ज्यांनी लहानपणी जुन्या वळणातला ‘ख’ ‘रव’ असा वाचला आहे, त्यांना हे गृहस्थ मुळीच मठ्ठ वाटणार नाहीत. बटणावर ‘ओके’ आलं. त्या गृहस्थांनी सुधारणा सुचवली नव्हती, ते फक्त चिडले होते. सूचना त्यांच्या चिडण्यातून कुणीतरी वाचून काढली.

लिसाच्या चाचण्यांमागे लॅरी टेस्लर होते, आणि असं वाचणं ही त्यांची जुनी खोड. त्याआधी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधनकेंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत जिप्सी नावाचा लेखन-संपादक घडवला होता. तो होता गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकासाठी. तिथले संपादक कागद कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून मजकूर इकडचा तिकडे करत. आज कुणीही सहज म्हणतं ते ‘कट’ आणि ‘पेस्ट’ या कात्री-डिंकातून आलं. टेस्लरनी एकदा नुकत्याच कामाला लागलेल्या सेक्रेटरी बाईंना कोऱ्या पडद्यापुढे बसवलं आणि म्हणाले, इथे मजकूर आहे असं समजा, दुरुस्ती कशी कराल ते दाखवा. बाईंनी जे हातवारे केले त्यांतून पुढचं बरंच काही ठरलं. मुद्रितशोधक जिथे काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, काढतो तिथे बोट ठेवणं, हे त्या बाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता माझी सर्वांत आवडती सुधारणा. फाइलवर उभं राहून एफ-२ दाबलं की नाव बदलता येतं. एक्सपीमध्ये एक्स्टेन्शन दिसत असेल तर एफ-२ दाबल्यावर सगळंच्या सगळं नाव निळं व्हायचं, शेवटच्या टिंबासकट आणि त्यापुढच्या तीन अक्षरांसकट. माणूस नवं नाव टंकायचा, जुनं अख्खं पुसलं जायचं, एक्स्टेन्शनही जायचं, आणि फाइल निकामी होईल अशी धमकी पुढे यायची. व्हिस्टापासून निळं होतं ते फक्त टिंबाआधीचं नाव. एक्स्टेन्शन समोर दिसत असतं, पण हात त्याला लागत नाही.

हे वाचायला किरकोळ वाटेल. पण याच दुखण्यावर आधी योजलेला इलाज आठवून पाहा: एक्स्टेन्शन लपवूनच टाकायचं. विंडोजमध्ये ते मुळातच लपवलेलं असतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा जगभर पसरला तो याच लपवाछपवीच्या आधाराने. टपालातून आलेल्या प्रेमपत्राच्या फाइलीला दोन शेपट्या होत्या. साध्या मजकुराची दिसत होती आणि प्रोग्रामची लपलेली होती. लोकांनी पत्र समजून प्रोग्राम उघडला. म्हणजे वापरणाऱ्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तर चोर त्याच पट्टीमागून आत आला. व्हिस्टाच्या त्या निळ्या पट्ट्याने डोळे उघडे ठेवले आणि हाताला वळण लावलं. बारशात नाव नवं ठेवतात, आडनाव तसंच राहतं, इतकं ते साधं आहे. (लग्नात दोन्ही बदलण्याची चाल आपल्याकडे होती, एक्सपीचा एफ-२ बहुधा त्या वऱ्हाडातला.) नाव लिहून झाल्यावर टॅब दाबलं की पुढच्या फाइलीचं नाव उघडतं, ही तर वरची साखर. लग्नाच्या दोनशे फोटोंना नावं देणाऱ्याने ती चाखून पाहावी.

त्याच व्हिस्टाने फाइलीच्या प्रतीचं नावही बदललं. पूर्वी प्रतीच्या नावाआधी ‘कॉपी ऑफ’ लागायचं, आणि प्रतीची प्रत काढली की ‘कॉपी ऑफ कॉपी ऑफ’. नंतर ‘कॉपी’ हा शब्द नावामागे गेला. फाइली अकारविल्हे लागत असल्यामुळे पूर्वी साऱ्या प्रती इंग्रजी सी या अक्षराखाली गोळा व्हायच्या. ज्या कार्यालयात फाइलींना मराठी नावं असत तिथे तर प्रत यादीत वर इंग्रजीच्या मुलखात आणि मूळ लेख खाली देवनागरीत. शब्द मागे सरकताच प्रत मुळाशेजारी येऊन बसली. व्हिस्टाला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या, त्यातल्या पुष्कळ रास्तही होत्या. ही दोन कामं मात्र त्या गलक्यात कुणाच्या लक्षात आली नाहीत.

नोटपॅडला २०१९ मध्ये मिळालेला तारा असाच. जतन न केलेल्या फाइलीच्या नावाआधी आता एक तारांकन उमटतं. मॅकवर याच कामासाठी खिडकी मिटायच्या लाल गोळीत काळा ठिपका असायचा. त्याही आधीच्या नेक्स्टस्टेप या प्रणालीत मिटायची फुलीच अर्धवट तुटलेली दिसायची, आणि या तिन्हींत मला तीच सरस वाटते, कारण ती इशारा अगदी चूक होते त्या जागेवरच देते. ताऱ्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणेन की विधानसभेत तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि ही फाइलही उत्तर मागतच असते. विंडोज ११ च्या नोटपॅडने पुढे तो प्रश्नच मोडीत काढला: खिडकी मिटा, पुन्हा उघडा, मजकूर होता तिथेच. ज्या चौकटीपासून मी सुरुवात केली, ती तिच्या माहेरीच आता फारशी दिसत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला या साऱ्यांहून जवळची एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. ‘स्त्री’ हा शब्द टंका. पडद्यावर एक अक्षर. यंत्राच्या वहीत सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. विंडोजवरच्या बहुतेक संपादकांत कर्सर या अक्षराच्या मागे ठेवून बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, ‘स्त्र’ उरतो. कर्सर पुढे ठेवून डिलीट दाबलं तर अख्खी ‘स्त्री’ जाते. पहिल्यांदा हा गोंधळ वाटतो. मग कळतं की बॅकस्पेस हे आत्ता टंकलेलं मागे घेण्याचं बटण आहे, म्हणून ते टंकण्याच्या क्रमाने एकेक उलगडतं; डिलीट समोर दिसतंय ते काढतं, म्हणून दिसतं तेवढं सगळं उचलतं. एक हाताचं ऐकतं, दुसरं डोळ्याचं. ‘स्त्रिया’ लिहायचंय आणि सवयीने ‘स्त्री’ लिहून गेलो, तर एक बॅकस्पेस, एक ऱ्हस्व वेलांटी, आणि पुढे चालू. मराठी मुद्रितांत ज्या दुरुस्तीसाठी हरघडी खुणा होतात तिच्यासाठी पुसायला नेमका एकच ठोका पुरतो. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. पण त्याने देवनागरी लिहिणाऱ्याची बोटं पाहिली असणार.

म्हणूनच माझी एक सूचना आहे, आणि तीही वेलांटीएवढीच. ‘ऱ्हस्व’ या शब्दाच्या सुरुवातीचा तो पापणीसारखा वाकलेला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह इंग्रजी ‘जे’ची कळ दाबून मिळणारा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. कागदावर, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण चिन्हाला चिन्ह लावून पाहणारा शोध एकाला ओळखतो आणि दुसऱ्याच्या शेजारून निघून जातो. दोन हातांनी टंकलेलं एकच पुस्तक असेल तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द निम्मेच सापडतात, आणि निम्मेच सापडले हे कळायला काही वाव नसतो. शोधताना या दोन्हींना एकच धरावं, एवढंच मागणं.

सूचना लिहून ठेवली आहे. उदाहरण म्हणून तीत ‘ऱ्हस्व’ हा शब्द लागोपाठ दोनदा दिला आहे, दोन्ही तऱ्हांनी टंकून. वाचणाऱ्याला तो दोन्ही वेळा अगदी सारखाच दिसेल, आणि हाताखालचा मुद्रितशोधक त्यातला एक द्विरुक्ती म्हणून काढून टाकेल.