विश्रांत मृग आणि शिकाऱ्याचा धर्म

मृगयेच्या नीतीचा विचार बहुधा मारावे की मारू नये, या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. परंतु ज्या समाजांनी शिकार मान्य केली, त्यांच्या वाङ्मयात याहून सूक्ष्म असा एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. वध मान्य धरला तरी निजलेल्या, पाणवठ्यावर वाकलेल्या किंवा सावलीत रवंथ करीत बसलेल्या प्राण्यावर शस्त्र टाकावे काय? भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर व त्यातील पुढील दुरुस्त्यांनंतर हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही. तरीही हा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. कारण तो मुळात बेसावध जिवाशी बलवंताने कसे वागावे, याविषयीचा आहे.

पाश्चात्त्य शिकारशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या परिभाषेत दिले. सावजाला निसटण्याची काही एक संधी असली पाहिजे. ती नसेल तर ती शिकार नव्हे, केवळ कत्तल होय, असा तो संकेत. अमेरिकेत १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने या संकेताला आचारसंहितेचे रूप दिले. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ साली लिहिलेल्या शिकारविषयक चिंतनातही, शिकारी आपल्या सामर्थ्याला आपणहून मर्यादा घालतो म्हणूनच शिकार ही शिकार राहते, या विचाराला मोठे स्थान आहे.

या संकेताची खरी कसोटी जिम कॉर्बेट यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या ग्रंथातील मोहनच्या नरभक्षकाच्या कथेत लागते. तेथे कॉर्बेट निजलेल्या वाघावर गोळी झाडतात आणि मग स्वतःच्या कृतीचा हिशेब मांडतात. वाघ नरभक्षक होता. तो जगता तर आणखी माणसे मरती. तो जागा असता काय किंवा निजलेला असता काय, परिणाम तोच होता. ही सारी कारणे सबळ आहेत, हे ते मान्य करतात. तरीही त्याला जागे करून संधी दिली नाही, याचा खेद उरतो, असे ते नमूद करतात. हा खेद प्रामाणिक आहे यात शंका नाही. परंतु तो नेमका कोणासाठी, हे समीक्षकाने विचारावयास हवे. ज्या वाघाच्या पायात साळिंदराचे काटे रुतले होते, त्याला जागे करून, भय देऊन, मग मारल्याने त्याचे काय हित झाले असते? स्थिर लक्ष्यावरील गोळी मर्मावर बसण्याचा संभव अधिक. धावत्या प्राण्यावरील गोळी पुष्कळदा त्याला केवळ जायबंदी करते, आणि मग झुडपात तडफडत मरण्याचे भोग त्याच्या वाट्याला येतात. म्हणजे वेदनेच्या मापाने मोजले तर निद्रिस्त प्राण्याचा वध हाच अधिक सदय ठरतो. संधी देण्याचा नियम प्राण्याचे रक्षण करीत नाही; तो शिकाऱ्याच्या आत्मसन्मानाचे रक्षण करतो. कॉर्बेट यांच्या गद्याचे मोठेपण असे की, त्यांनी युक्तिवाद आणि खेद शेजारी शेजारी ठेवले, पण एकाने दुसऱ्याला पुसून टाकले नाही.

भारतीय वाङ्मयात हाच प्रश्न निराळ्या वाटेने येतो. किष्किंधाकांडात मरणोन्मुख वाली रामाला विचारतो की, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्या, बेसावध अशा मला तू का मारलेस? रामाच्या अनेक उत्तरांपैकी एक असे की, मांसार्थी माणसे सावध-बेसावध, पाठ फिरवलेल्या अशा सर्वच मृगांना मारतात आणि त्यात दोष नसतो. वाली तर शाखामृगच. हा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे. युद्धाला नियम असतात, मृगयेला नसतात, हे ते गृहीत. ते ढळले की उत्तराचा तेवढा भाग ढळतो.

महाभारताच्या आदिपर्वात तेच गृहीत उघडपणे तपासले जाते. मृगरूपाने मृगीशी रत झालेल्या किंदम ऋषीवर पांडू बाण सोडतो आणि सावध-बेसावध हा भेद मृगयेत नाही, असे जवळजवळ रामाच्याच शब्दांत सांगतो. किंदमाचे उत्तर मार्मिक आहे. मृगांना मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. थोडा वेळ थांबावयास हवे होते, एवढेच त्याचे म्हणणे. या थांबण्याला तो ‘आनृशंस्य’ म्हणतो. मृगाला निसटण्याची संधी द्यावी, अशी ही मागणी नव्हे. जिवाच्या काही अवस्थांचा भंग करू नये, अशी ती मागणी आहे. स्पर्धेचा न्याय आणि अवस्थेचा मान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या प्रश्नाचे मर्म या भेदातच आहे.

मृगयेतील सवय मनुष्यवधाकडे कशी वळते, हेही महाभारताने दाखविले आहे. सौप्तिकपर्वात वडावर निजलेल्या कावळ्यांना घुबड मारते. ते पाहून अश्वत्थाम्याला निजलेल्या शिबिरावर तुटून पडण्याची युक्ती सुचते. निजलेल्यांचा वध धर्माला संमत नाही, हे कृपाचार्यांचे म्हणणे तो मानीत नाही. पुढे मौसलपर्वात वनात योगस्थ होऊन पहुडलेल्या श्रीकृष्णाला जरा नावाचा व्याध मृग समजून बाण मारतो. अश्वत्थाम्याने पशूंचा न्याय माणसांना लावला. व्याधाला विश्रांत देहात केवळ मृग दिसला. महाकाव्याने या दोन प्रसंगांची सांगड शब्दांत घातलेली नाही. परंतु वाचकाच्या मनात ती पडल्याखेरीज राहत नाही.

या विषयाचा सर्वांत परिपक्व आविष्कार मात्र कालिदासात आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातील सेनापती मृगयेचे गुण सांगतो. शरीर हलके होते, भय आणि क्रोध यांत प्राण्यांचे चित्त कसे पालटते ते कळते, आणि चल लक्ष्यावर बाण अचूक बसणे हा धनुर्धराचा उत्कर्ष होय. हे विवेचन कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मृगयेच्या गुणगणनेशी इतके जुळते की, दोन्ही एकाच परंपरेतील आहेत हे उघड होते. पण एक फरक अर्थपूर्ण आहे. कौटिल्य चल आणि स्थिर अशा दोन्ही लक्ष्यांचा सराव लाभात धरतो. कालिदासाचा सेनापती केवळ चल लक्ष्याचा गौरव करतो. स्थिर लक्ष्याचा मान येथे निघून गेला आहे.

आणि लगेच राजा मृगया थांबवितो. रानरेड्यांना डबक्यात डुंबू द्यावे, हरिणांच्या कळपांना सावलीत रवंथ करू द्यावा, डुकरांना निर्धास्तपणे नागरमोथा उकरू द्यावा आणि आपल्या सैल प्रत्यंचेच्या धनुष्यालाही विश्रांती मिळावी, अशी ती आज्ञा. प्राण्यांची विश्रांती आणि धनुष्याची विश्रांती एकाच श्लोकात, एकाच पातळीवर आली आहेत. शस्त्राला विश्रांती मिळाल्यावाचून प्राण्याला विश्रांती नाही, हे येथे उपदेशावाचून सांगितले जाते. राजाचा हेतू शुद्ध करुणेचा नाही. शकुंतलेच्या दर्शनाने तो व्याकूळ आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे चित्रण विश्वसनीय वाटते. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गातील दशरथही, प्रियाला आड घालून उभी राहिलेली हरिणी पाहताच, स्वतःच्या प्रेमानुभवामुळे कानापर्यंत ओढलेला बाण आवरून घेतो. मात्र त्याच सर्गात, पाण्यात घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून तो शब्दवेधी बाण सोडतो आणि मुनिपुत्र घायाळ होतो. जेथे डोळ्यांनी पाहिले तेथे हात आवरला. जेथे पाहिले नाही तेथे आवरला नाही.

अनुवादकाला या दोन परंपरांमधील अंतर प्रत्यक्ष जाणवते. कॉर्बेट यांनी वापरलेल्या ‘स्पोर्टिंग चान्स’ या शब्दप्रयोगाला मराठीत सहज प्रतिशब्द नाही. ‘खिलाडूपणाची संधी’ म्हटले तर ते परके वाटते, कारण मराठीत शिकार हा बरोबरीच्या दोघांचा खेळ नाही. ‘पारध’ हा शब्द तर व्युत्पत्तिकार ‘पापर्द्धी’पर्यंत, म्हणजे पापाच्या वाढीपर्यंत नेतात. उलट, कालिदासाच्या ‘विश्रब्ध’ या विशेषणातील निर्धास्तपणा आणि विश्वास हे दोन्ही अर्थ इंग्रजीच्या एका शब्दात मावत नाहीत. एका भाषेकडे स्पर्धेचा शब्द आहे, दुसरीकडे विश्वासाचा.

यावरून भारतीय परंपरा अधिक अहिंसक होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. राजे शिकार करीतच राहिले, आणि रामाचा युक्तिवादही याच परंपरेत आहे. निष्कर्ष एवढाच की, निजलेल्या प्राण्याला मारू नये याची दोन कारणे संभवतात. मारणाऱ्याला त्यात पराक्रम नाही, हे एक; आणि निजलेला जीव जगावर विश्वास टाकून निजलेला असतो, हे दुसरे. पहिले कारण, प्राण्याला जागे केले की संपते. दुसरे मात्र शिकाऱ्याला तेथून निघून जावयास सांगते. कॉर्बेट यांच्या खेदाला शब्द पहिल्या कारणाचे मिळाले. त्याचे मूळ मात्र दुसऱ्या कारणात असावे. म्हणूनच इतक्या सबळ युक्तिवादांनंतरही तो शिल्लक राहिला.