इंटरनेटवरची तरुणांची बोली: अर्थसूची का अपुरी पडते

२०२५ सालचा शब्द म्हणून डिक्शनरी डॉट कॉमने '६७' निवडला. उच्चार 'सिक्स-सेव्हन'. स्क्रिला या अमेरिकन रॅपरच्या गाण्यातून तो आला, सहा फूट सात इंच उंचीच्या लामेलो बॉल या बास्केटबॉलपटूच्या व्हिडिओंना चिकटला आणि पुढे शाळकरी मुले दोन्ही तळवे तराजूसारखे वरखाली करत तो ओरडू लागली. अर्थ काय? ठरलेला असा काहीच नाही. कोशकारांनी वर्षाचा शब्द निवडावा आणि अर्थाच्या रकान्यात लिहायला फारसे काही नसावे, ही गंमत हसून सोडून देण्यासारखी नाही.

कारण या बोलीविषयी सध्या जे लिहिले जाते, ते बहुतेक याच रकान्यावर चालते. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, 'नो कॅप' म्हणजे खोटे नाही, 'डेलुलू' म्हणजे स्वतःच्याच कल्पनेत रमलेला. पालकांसाठी, शिक्षकांसाठी अशा याद्या निघत असतात. मी अभियांत्रिकीचा शिक्षक; आमच्याकडे याला लुकअप टेबल म्हणतात. डावीकडे शब्द शोधायचा, उजवीकडचा अर्थ उचलायचा. पण बोलीतला शब्द फंक्शनसारखा वागतो. कोण बोलतो, कोणाशी, कुठे, हे इनपुट बदलले की उत्तर बदलते. 'विषय हार्ड' हा आपल्याकडचा प्रयोग घ्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाला वाटेल, पेपर अवघड आहे. मित्राच्या नव्या बुलेटच्या फोटोखाली मात्र ती मनापासूनची दाद असते. आणि माझ्यासारख्याने वर्गात म्हटले, तर मागच्या बाकांवर नुसती खसखस पिकते. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीज यांनी मार्च २०२५ मध्ये संसदेत विरोधकांना 'डेलुलू विथ नो सोलुलू' म्हटले. शब्द अर्थाच्या दृष्टीने अगदी बरोबर वापरला होता. त्यानंतर तो किती तरुणांच्या तोंडून उतरला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

इथपर्यंत मामला गमतीचा आहे. 'अनअलाइव्ह' या शब्दापाशी तो बदलतो. टिकटॉकवर मृत्यू, आत्महत्या असे शब्द आले की व्हिडिओ दाबला जाईल, या धास्तीने लोक 'अनअलाइव्ह' म्हणू लागले. शब्द पकडणाऱ्या गाळणीला आशय कळत नाही, म्हणून शब्द बदलून तिला चकवायचे. भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे. तरी शब्द रील्स आणि शॉर्ट्समधून आलाच. २०२४ मध्ये सिअॅटलच्या म्युझियम ऑफ पॉप कल्चरमधल्या एका फलकावर गायक कर्ट कोबेनच्या आत्महत्येसाठी हाच शब्द छापला गेला. यंत्राला चुकवायला घडवलेला शब्द, आणि लागला अशा भिंतीवर जिथे कोणतेही यंत्र आडवे येत नव्हते! टीका झाली, फलक बदलला.

ती टीका मला पटते, पण अर्धीच. या शब्दाने मृत्यूचे वजन उतरते, हे खरे. पण ज्याला स्वतःविषयी 'आत्महत्या' हा शब्द उच्चारवत नाही, तो कधी अशाच थट्टेच्या शब्दाआडून पहिल्यांदा बोलतो. मित्राने रात्री असे काही लिहिले, तर अर्थसूची त्याचा पर्यायी शब्द तेवढा सांगेल. तो थट्टा करतोय की नाही, हे त्याला फोन करूनच कळेल.

'जेन झीची बोली' हे नावही जरा तपासून घ्या. 'स्ले', 'शेड' हे शब्द न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व पारलिंगी मंडळींच्या बॉलरूम मेळाव्यांत तुमच्या जन्माआधीच रुळलेले होते. १९९० च्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटात 'शेड' म्हणजे काय, हे ती माणसे स्वतः समजावून सांगतात. याद्यांमध्ये त्यांचे नावही नसते.

आणि आपल्याकडचा 'छपरी'? अर्थसूचीत त्यापुढे 'भडक, उथळ, उगाच शायनिंग मारणारा' असे काहीतरी लिहिलेले असते. महाराष्ट्र आणि कर्नाटकात छप्परबंद नावाचा समाज आहे. झोपड्यांची छपरे शाकारणे हे त्यांचे जुने काम. ब्रिटिश काळात त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि महाराष्ट्रात आज हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. 'छपरी' हा शब्द काही जण थेट या समाजाच्या नावाशी जोडतात, काही जण साध्या छपराशी. कोणतीही वाट धरा, ती छपराखाली राहणाऱ्या माणसापाशीच पोहोचते. शब्द वापरणाऱ्याला हे ठाऊक नसते, असे उत्तर मला वर्गात नेहमी मिळते. ठाऊक नसेलही. पण तो शब्द कोणाला लावायचा, हे मात्र त्याला न शिकवता बरोबर ठाऊक असते. तालुक्याच्या गावातला मुलगा केस सोनेरी करून, उसन्या मोटारसायकलला टेकून रील टाकतो, तेव्हा खाली 'छपरी'ची रांग लागते. तोच रंग सिनेमातल्या नटाने लावला की खाली येतो 'फायर'.