वाकवलेले प्लायवूड आणि उत्तरेचे ऋण

विसाव्या शतकाच्या मध्यातील फर्निचरबद्दल ‘स्कॅन्डिनेव्हियन प्रभाव’ असे इतके सैलपणे म्हटले जाते की फिकट लाकूड आणि निमुळते पाय दिसले तरी पुरते. वाकवलेल्या प्लायवूडपुरते बोलायचे तर उत्तरेने जगापुढे एक प्रश्न ठेवला: पोलादी नळीचा लवचीकपणा लाकडात कसा आणायचा? फिनलंडच्या आल्व्हार आल्टोला मार्सेल ब्रॉयरच्या नळीच्या खुर्च्या ठाऊक होत्या, पण धातू अंगाला गार लागतो. पायमियोच्या क्षयरोग रुग्णालयासाठी १९३२च्या सुमारास त्याने तुर्कूचा कारागीर ओट्टो कोर्होनेन याच्या मदतीने जी खुर्ची घडवली, तिच्यात प्लायवूडचा एकच पत्रा डोक्याशी आणि पायाशी वळण घेतो आणि ती वळणेच स्प्रिंगचे काम करतात. यावर कोणी म्हणेल, थोनेतने १८५९ मध्येच वाफेवर बीच वाकवून प्रसिद्ध १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली होती, मग नवे काय? थोनेतच्या वाकवलेल्या दांड्यांचा सांगाडा होतो, बैठक त्यात वेगळी बसवावी लागते. आल्टोकडे वाकलेला पत्राच बैठक झाला.

पण पत्रा एका दिशेने मुकाट वाकतो, दोन दिशांनी वाकवू गेले की सुरकुततो नाहीतर चिरतो. अमेरिकेत चार्ल्स ईम्स आणि एरो सारिनेन यांनी १९४०च्या एका डिझाइन स्पर्धेसाठी केलेल्या खुर्च्यांचे असेच झाले. त्यांवर कापड चढवावे लागले. पुढे युद्धकाळात चार्ल्स आणि रे ईम्स यांनी अमेरिकी नौदलासाठी जखमींच्या पायाला बांधायच्या प्लायवूडच्या पट्ट्या बनवल्या. त्यांतल्या खाचांनी लाकडावरचा ताण सैल झाला. मग हे श्रेय उत्तरेचे की नौदलाचे? तंत्र युद्धाचे, यात शंका नाही. पण आल्टोचे काम १९३८ मध्येच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले होते. प्रश्न आधीच पोचला होता. ईम्स दांपत्याने शेवटी एकसंध कवचाचा हट्ट सोडून बैठक आणि पाठ वेगळी केली. माझ्या मते त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय हाच.

पुढे या प्रश्नाचे उत्तर उलट उत्तरेकडेही फिरले. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेनची १९५२ची ‘मुंगी’ खुर्ची ईम्सशिवाय नीट समजत नाही. बैठक जिथे पाठ होते, नेमकी तिथेच त्याने कंबर बारीक केली आणि अखंड कवच शक्य झाले. लोकांना नखरा वाटतो तो खरे तर व्याकूळ लाकडाला दिलेला दिलासा आहे. म्हणूनच आजच्या नकलांवर माझा आक्षेप स्वस्ताईचा नाही. स्वस्त, घाऊक खुर्ची हे तर ईम्सचेही ध्येय होते. नोबोरू नाकामुराने आयकियासाठी केलेली ‘पोएंग’ स्वस्तच आहे, पण तिच्यात बसले की आल्टोच्या वळणांसारखीच तिची वाकवलेल्या लाकडाची लवचीक चौकट स्प्रिंगचे काम करते. उलट बाजारात प्लास्टिकच्या साच्यातून मुंगीची तीच बारीक कंबर घेऊन खुर्च्या निघतात. प्लास्टिक हव्या त्या दिशेने वळते. त्याला त्या कंबरेची गरजच नसते.