नाचाची रात्र

रात्रभर चाललेला नाच गोव्याच्या किनाऱ्यावर असला तर त्यास थेर म्हणावयाचें, आणि तांड्यांत असला तर लोककला! सुशिक्षित घरांतील हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं.

वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थ. तेथील नगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचें उद्घाटन २०२४ सालीं झालें. परंतु या समाजाचें नृत्य पाहावयाचें तर होळीच्या रात्रीं तांड्यांतच गेलें पाहिजे. डफाच्या ठेक्यावर लेंगी सुरू होते, रिंगण फिरूं लागतें. तोच चरण पुनःपुन्हां येतो, आणि त्या पुनरुक्तींतच रंग भरतो.

१९९० च्या सुमारास गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यावर आकारास आलेल्या 'गोवा ट्रान्स' या विद्युत्संगीताची रचनाहि अशीच आहे. ठोका अखंड, स्वरांतील पालट अगदीं सूक्ष्म, आणि उजाडेपर्यंत चढत जाणारा आवेश. तेथें नाचणारा देहभान विसरतो तो केवळ मद्यामुळें, असें म्हणणें म्हणजे संगीत न ऐकतांच निकाल देणें होय.

यंत्रासहि दोष देतां येत नाहीं. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ च्या सुमारास असल्याच यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली होती. खरा भेद निराळा आहे. लेंगींत नाचणाराच गातो. हणजूणला तो केवळ ऐकतो. आतां वरातींत सर्वत्र 'डीजे' आला आहे. त्याच्या गोंगाटाचें आम्हांस तितकें भय वाटत नाहीं. परंतु त्यापायीं तांड्यांतील कंठ मुका झाला, तर ती हानि कोणत्याहि संग्रहालयानें भरून निघणार नाहीं.