बेकारीचें पांचवें वर्ष

वॉल्टर ग्रीनवुड यांची 'लव्ह ऑन द डोल' ही १९३३ सालची कादंबरी आम्हीं अनेकदां वर्गांत शिकविली आहे. इंग्लंडांतील सॅल्फर्ड शहराच्या हँकी पार्क नांवाच्या दरिद्री वस्तींत राहणाऱ्या हार्डकॅसल कुटुंबाची ही कथा. मध्यंतरीं तिच्या शेवटासंबंधीं बोलत असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, हॅरीला नोकरी लागलीच नसती तर?" "तर कादंबरी संपलीच नसती," असें चटकन् उत्तर देऊन आम्हीं वर्गाला हंसविलें. घरीं आल्यावर मात्र तें उत्तर आमचें आम्हांसच बोंचूं लागलें. विनोद म्हणून आम्ही जें बोलून गेलों, तोच ह्या कादंबरीवरील खरा आक्षेप आहे.

कादंबरीचें सामर्थ्य आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. मार्लोच्या कारखान्यांत हॅरी सात वर्षें उमेदवारी करतो. उमेदवारी पुरी होऊन तो पूर्ण मजुरीचा हक्कदार कारागीर बनतो, आणि नेमका म्हणूनच त्यास घरीं बसविण्यांत येतें. कारण थोड्या पैशांत राबणारीं नवीं पोरें दाराशीं उभींच असतात. बेकारी ही आळसाची शिक्षा नव्हे, कामाच्या रचनेच्या पोटींच ती जन्मास येते, हें सांगण्यासाठीं लेखकास येथें व्याख्यान द्यावें लागत नाहीं. (लॅरी मीथच्या तोंडीं त्यांनीं व्याख्यानें घातलीं आहेतच, व तींच ह्या पुस्तकांतील नीरस पानें होत, तो भाग निराळा.) १९३१ सालीं ब्रिटनमध्यें साऱ्या कुटुंबाची मिळकत तपासून भत्ता देण्याची पद्धति सुरू झाली. बाप व बहीण मिळवितात म्हणून हॅरीचा भत्ता बंद होतो, आणि एका सरकारी नियमानें बापलेकांमध्यें वैर उभें राहतें. हे प्रसंग आजहि वाचतांना अंगावर येतात.

पण पुढें काय होतें? लॅरीच्या मृत्यूनंतर हॅरीची बहीण सॅली ही सॅम ग्रंडी नामक जुगाराच्या धंद्यांतील धनिकाचा आश्रय पतकरते आणि त्याच्या वशिल्यानें बाप व भाऊ ह्या दोघांसहि बस कंपनींत नोकऱ्या मिळतात. हा शेवट ओंगळ आहे अशी तक्रार कोणी करील. ती आमची तक्रार नाहीं. ओंगळपणा खराच आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं येथें बेकारीला शेवट मिळाला. ज्यांच्या बेकारीस शेवट मिळाला नाहीं अशीं लाखों माणसें त्याच काळीं त्याच देशांत होतीं, आणि त्यांच्याबद्दल वाचावयाचें तर आम्हांस कादंबरी मिटून एक अहवाल उघडावा लागतो.

हा अहवाल म्हणजे पिलग्रिम ट्रस्टनें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेला 'मेन विदाउट वर्क'. १९२९ सालीं ब्रिटनमधील बेकारांपैकीं वर्षाहून अधिक काळ रिकामे असणारे शेंकडा ५ सुद्धां नव्हते. १९३३ च्या आरंभीं बेकारांची एकूण संख्या ३० लाखांच्या घरांत गेली. पुढें व्यापार सुधारला, मोटारींचे व विजेच्या सामानाचे कारखाने वाढले, आणि १९३६ पर्यंत हा आंकडा बराच खालीं आला. पण त्या सालीं उरलेल्या बेकारांपैकीं सुमारें शेंकडा २५, म्हणजे ३ लाखांहून अधिक माणसें, वर्षाहून जास्त काळ रिकामीं होतीं. बेकारी घटली हें विधान खरें होतें, आणि त्या विधानाच्या तळाशीं हा गाळ सांचत होता. लंडनच्या डेप्टफर्ड भागांत असे दीर्घकालीन बेकार शेंकडा ६. वेल्समधील ऱ्होंडा ह्या कोळशाच्या खोऱ्यांत शेंकडा ६३. कोळशाची निर्यात बसली होती, आणि नवे कारखाने दक्षिणेस व मध्य इंग्लंडांत निघत होते. त्यांतच मालकाची रीत अशी, कीं तीन आठवडे रिकामा असलेला मनुष्य तो आधीं घेणार, तीन वर्षें रिकामा असलेल्याकडे संशयानें पाहणार. काम नाहीं म्हणून काम नाहीं, असें हें चक्र आहे. १९८० नंतरच्या दशकांत तें ब्रिटनमध्यें पुन्हां फिरलें. वर्षाहून अधिक काळ बेकार असणारे तेव्हां दहा लाखांच्या वर गेले.

ललित लेखकाची अडचण आम्हांस समजते. नोकरी जाणें ही घटना आहे. पहिला भत्ता, पहिलें भांडण, गहाण टाकलेलें लुगडें अथवा कोट, ह्याहि घटना आहेत. पण पांचव्या वर्षीं कांहींच घडत नाहीं, आणि कथानकाला तर घडणें हवें. ऑस्ट्रियांतील मारिएन्थाल ह्या गांवीं एकुलती एक कापड-गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनीं जो अभ्यास केला, तोहि १९३३ चाच. तेथील पुरुषांनीं आपल्या दिवसाचें टिपण करून दिलें; सकाळपासून दुपारपर्यंतच्या वेळांत त्यांस लिहिण्यासारखें जवळजवळ कांहीं सांपडलें नाहीं. वाचनालयाची वर्गणी माफ झाली, वेळ तर मुबलक होता, तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव निम्म्यावर आली. आम्हां पुस्तकी माणसांना ही एकच गोष्ट पुरे आहे. रिकामपण म्हणजे फुरसत नव्हे, हें ज्या कादंबरीनें दाखवावयाचें, ती वाचण्याचेंहि त्राण त्या रिकाम्या माणसांत उरत नाहीं.

आमचे जुने विद्यार्थी कधींमधीं रस्त्यांत भेटतात आणि "परीक्षेची तयारी चालू आहे" असें सांगतात. कितवें वर्ष, हें आम्ही विचारीत नाहीं. ग्रीनवुड यांच्याकडे बोट दाखवितांना हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

शिवाय एका ठिकाणीं ते ह्या विषयाच्या अगदीं उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचले आहेत. कादंबरीचें पहिलें व शेवटचें दृश्य जवळजवळ एकच आहे: पहाटेचा अंधार, आणि घरोघरच्या खिडक्या वाजवून कामगारांस उठवीत फिरणारा आंधळा जो. बहुतेक टीकाकार ह्या पुनरुक्तीस रचनेचा अलंकार समजतात. आम्हांस ती सबंध पुस्तकांतील सर्वांत भयंकर गोष्ट वाटते. ज्या घरांत वर्षानुवर्षें कोणासच कामावर जावयाचें नाहीं, तेथें जोला काठी वाजविण्याचें कारण नाहीं. तो पुढें जातो, आणि कादंबरीहि त्याच्याबरोबर पुढच्या खिडकीकडे वळते.