ओंडके आणि लाट

‘गीतरामायणा’तलं चित्रकूटावरचं गाणं आठवा. भरत रामाला परत न्यायला आलाय आणि राम त्याची समजूत काढतोय. समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि दुरावतात, हा त्यातला दृष्टान्त घरोघरी पाठ झाला आणि कायमचा माडगूळकरांच्या नावावर जमा झाला. मुळात तो वाल्मीकींचा, अयोध्याकांडातला. पण वाल्मीकींचे ओंडके काही काळ सोबत राहून नुसते वेगळे होतात. माडगूळकरांनी तिथे लाट आणली. काळ दिसत नाही, लाट दिसते; गाणाऱ्याला ती स्वरावर उचलताही येते.

साहित्यावरून गाणं करणं ते हे. आपण मात्र कवितेला चाल लावण्यालाच हे नाव देऊन मोकळे होतो. ते कामही मोठंच. हृदयनाथ मंगेशकरांनी ज्ञानेश्वरांपासून ग्रेसपर्यंत ते कसं केलं, हे सांगायला नको. पण तिथे शब्द आयते असतात. महाकाव्य किंवा कादंबरीतून गाणं काढायचं तर आधी ठरवावं लागतं: हे गाणार कोण?

पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर माडगूळकर आणि सुधीर फडके आठवड्यागणिक याचं उत्तर शोधत होते. छप्पन्न गाणी झाली. त्यातलं गंगा ओलांडण्याचं गाणं मला फार शहाणपणाचं वाटतं. वाल्मीकींकडे नदीच्या मध्यावर प्रार्थना करते ती सीता. नावाडी वल्ही मारतात, बोलत नाहीत. माडगूळकरांनी गाणं दिलं त्या नावाड्यांना. मग ताल वेगळा शोधावा लागला नाही, वल्ह्यांनीच तो दिला. उलट काही गाण्यांत कथा पुढे ढकलण्याची घाई जाणवते. तिथे पात्र बोलत नाही, कीर्तनकार बोलतो. भक्तीच्या भरात आपण ते कानाआड करतो, इतकंच.

‘जैत रे जैत’ चित्रपटाची (१९७७) गोष्ट आणखी अवघड. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतले ठाकर कर्नाळ्याच्या परिसरातले, आणि गीतं लिहिणारे ना. धों. महानोर पळसखेड्याचे शेतकरी. बोली वेगळी, पीकपाणी वेगळं. महानोरांनी ठाकरांची हुबेहूब नक्कल केली नाही. आपल्या रानातलं आभाळ त्या डोंगरावर नेलं. एखादा बोलीतज्ज्ञ नाक मुरडेल, मुरडू दे. नाग्या आणि चिंधी यांच्यातली ओढ त्या गाण्यांत आहे आणि कादंबरीचा दमही आहे.

‘नटरंग’ चित्रपटाकडे (२०१०) आलं की चित्र बदलतं. आनंद यादवांची कादंबरी पोटात कालवाकालव करणारी. तमाशासाठी नाच्या व्हावं लागलेल्या गुणाचं पुरुषपण तिथे पणाला लागतं. गुरू ठाकूर आणि अजय-अतुल यांच्या लावण्या अस्सल ठसक्याच्या, त्यात खोट काढता येत नाही. पण वरातीत त्यांवर नाचणाऱ्यांना गुणा कोण हे ठाऊक नसतं. गाणं पुस्तकातून निघालं आणि परत त्याच्याकडे गेलंच नाही. यश मोजायचं तर हे यशच. माझी मोजपट्टी वेगळी आहे.

आज कवितांचे रंगमंचीय कार्यक्रम जोरात चालतात, मालिकांची शीर्षकगीतं रोज कानावर पडतात. गद्याकडे मात्र कुणी गाण्याच्या कानाने पाहत नाही. अण्णा भाऊ साठ्यांसारखा, एका हाताने ‘फकिरा’ आणि दुसऱ्या हाताने छक्कड लिहिणारा माणूसही आता नाही. गद्यात लय नसते म्हणावं, तर ‘कोसला’ कादंबरीतलं, निवेदक पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण मोठ्यानं वाचून पाहावं. वाक्यं आखूड होत जातात, श्वास अडकतो. चाल तिथे अर्धी लागलेलीच आहे.

फक्त कुणी त्याचं गाणं केलंच, तर ते पांडुरंगाच्या तोंडी देऊ नये. तो तसाही फार बोलतो. आईला द्यावं.